कोल्हापूरच्या उन्हात सुपरचार्जर: इंजिनात जाणारी हवा थंड कशी ठेवायची

एप्रिलच्या दुपारी दसरा चौकातून सिग्नलला थांबत थांबत गाडी तावडे हॉटेलला येते, हायवेला लागते, पाय दाबला जातो आणि गाडी ओढतच नाही. पहाटे हीच गाडी याच रस्त्यावर सुसाट पळालेली असते. इंजिन तेच, पेट्रोल तेच. फरक पडलेला असतो तो इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानात. सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या, गाडीत हा फरक साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. त्यावर बरेच जण पहिला उपाय म्हणून मोठा इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) मागवतात. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, कारण मूळचा इंटरकूलर लहान नसतो. त्याची जाळी बुजलेली असते, पाण्याचा पंप थकलेला असतो किंवा गाडी बोनेटखालचीच गरम हवा ओढत असते. म्हणून आधी मोजा, मग पाना हातात घ्या.

आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच: जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसर, आधीच्या पिढीतल्या ऑडी ३.० टीएफएसआय, रेंज रोव्हर आणि जग्वारच्या सुपरचार्ज्ड गाड्या, आणि काही हौशींनी बाहेरून बसवलेले किट. टर्बोवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

हवा किती तापते

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, म्हणून इथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. बाहेर ४० अंश आहेत आणि सुपरचार्जर ०.५ बार बूस्ट (वाढीव दाब) देतोय असं धरू. दाब ९५ वरून १४५ वर, म्हणजे दीडपटीच्या थोडा वर गेला. सुपरचार्जर शंभर टक्के कार्यक्षम असता तरी एवढ्या दाबाने हवा ४० अंशांनी तापलीच असती. रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास धरली, तर वाढ ६९ अंशांवर जाते. म्हणजे सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा १०९ अंशांची.

इंटरकूलर यातली ७० टक्के वाढ काढून टाकत असेल तर इंजिनात ६१ अंशांची हवा पोचते. जाळी बुजून त्याचं काम ५० टक्क्यांवर आलं, तर तीच हवा ७४–७५ अंशांनी आत जाते. ४५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर ७५ अंशांच्या हवेत, त्याच दाबाला, ऑक्सिजन ९ टक्क्यांनी कमी असतो. पण खरा मार त्यापुढे बसतो. गरम मिश्रण स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटू लागतं, यालाच नॉकिंग म्हणतात. ते टाळायला ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्पार्कचं टायमिंग मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. बहुतेक गाड्यांत ५०–५५ अंशांच्या पुढे ही कपात सुरू होते. पिकअप मेल्यासारखा वाटतो तो मुख्यतः यामुळे. गाडी बिघडलेली नसते, ती स्वतःला वाचवत असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुपरचार्जरमध्ये शिरतानाच हवा ४० ऐवजी ६० अंशांची असेल, तर बाहेर पडताना फरक २० चा राहत नाही, २४ चा होतो. हवा १३३ अंशांवर जाते. तोंडाशी घेतलेली उष्णता पुढे वाढत जाते.

मोजायचं कसं

ब्लूटूथचा ईएलएम ३२७ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप एवढ्यावर भागतं. सहा आकडे रेकॉर्डवर लावा: इनटेक हवेचं तापमान (पीआयडी, म्हणजे अ‍ॅपमधला त्या आकड्याचा कोड, ०एफ), कूलंटचं तापमान (०५), मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांतला, दाब (०बी), टायमिंग (०ई), बाहेरचं तापमान (४६) आणि गाडी देत असेल तर इंटरकूलरनंतरचं तापमान (७७). गाडी चालवताना मोबाइलकडे बघू नका. रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल बाजूला ठेवा, नंतर आलेख बघा.

इथे हमखास फसगत होते. ०एफ वर दिसणारा आकडा कुठल्या सेन्सरचा आहे, हे गाडीगणिक बदलतं. काही गाड्यांत तो एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, म्हणजे सुपरचार्जरच्या आधीचा. तो ४२ दाखवतोय म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, कारण इंजिनाच्या तोंडाशी ७० असू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाच-सात सेकंद पूर्ण पाय दाबा. आकडा झपाट्याने चढला तर सेन्सर इंटरकूलरनंतरचा. आकडा जागीच राहिला किंवा उलट उतरला तर तो फिल्टरजवळचा. मग तुमच्या गाडीच्या कंपनीचा, इंटरकूलरनंतरचा आकडा दाखवणारा स्कॅनर लावल्याशिवाय पुढची तपासणी करण्यात हशील नाही.

सेन्सर खरं बोलतोय का, हे सकाळी बघून घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. इनटेक, कूलंट आणि बाहेरची हवा हे तिन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या फरकात हवेत. एकटा इनटेकचाच आकडा दहा अंश वेगळा दिसला तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघा. बॉशच्या नेहमीच्या एनटीसी सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २.५ किलोओहम आणि ८० अंशांना ३२० ओहमच्या आसपास असतो. मल्टीमीटर आणि चहाच्या भांड्यातलं गरम पाणी घेऊन घरीही तपासता येतं, फक्त कनेक्टर पाण्यात बुडवू नका.

मग रस्त्यावरची नोंद. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान हायवेला कागलच्या दिशेने टॉप गिअरमध्ये ८० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटं जा. डायव्हर्जनमध्ये अडकलात तर ती नोंद सोडून द्या. चांगल्या अवस्थेतली गाडी इथे बाहेरच्या हवेपेक्षा ८ ते १५ अंश वर राहते. २५ च्या वर फरक असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय. त्यानंतर चढावर एकदा जोर लावा आणि आकडा किती चढतो त्यापेक्षा किती वेळात परत उतरतो हे बघा. हवेच्या, म्हणजे समोरच्या वाऱ्याने थंड होणाऱ्या, इंटरकूलरला मिनिटभर पुरतं. पाण्याच्या इंटरकूलरला जास्त वेळ लागतो, पण आकडा उतरतच नसेल, प्रत्येक जोराला पायरी-पायरीने वरच चढत असेल, तर संशय थेट पंपावर घ्या.

जाळीची सफाई: कोल्हापूरचा पहिला उपाय

ऊसपट्ट्यात चालणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. हंगामात चार-पाच महिने गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागून चाललेली असते. पाचटाचा चुरा, बगॅसचं भुसकट, गुऱ्हाळाची राख आणि थंडीत उसाला आलेल्या तुऱ्याचा कापूस, सगळं पुढच्या जाळीतून आत जातं. बंपरच्या फटीतून टॉर्च मारला तर पुढचा एसीचा कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. मळ असतो तो आत, कंडेन्सर आणि त्यामागची जाळी यांच्या मधल्या बोटभर फटीत. तिथे तुऱ्याचा कापूस तेलकट धुळीत भिजून नमद्यासारखा बसलेला असतो, नखाने ओढला तर पापुद्र्यासारखा सुटून येतो. त्याच्या मागची जाळी हवेसाठी बंदच असते.

मार्चच्या शेवटी, कारखाने बंद होत आले की बंपर उतरवून सफाई करा. इंजिन थंड असू दे. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. पुढून मारलं तर तो आणखी आत रुततो. नळाचा साधा पाइप पुरे. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर वापरायचाच झाला तर हातभर लांबून आणि काटकोनात, तिरका फवारा पातळ पत्र्याच्या पात्या लोळवतो आणि लोळलेली पाती म्हणजे पुन्हा बंद जाळी. तेलकट थरासाठी आम्ल नसलेला फोम क्लीनर मारून दहा मिनिटं थांबा, मऊ नायलॉन ब्रश पात्यांच्या दिशेने फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. वाकलेल्या पात्या फिन कोंबने (पात्यांसाठीच्या खास फणीने) सरळ करा.

बंपर उतरलेलाच आहे तर जाळ्यांच्या कडेची फोमची पट्टी बघा. अपघाताच्या कामात किंवा एसीच्या कामात ती निघते आणि परत लावली जात नाही. हवा नेहमी सोपी वाट धरते. कडेला दोन बोटं फट मिळाली तर ती जाळीतून न जाता बाजूने निघून जाते. १० ते १५ मिलिमीटर जाडीची बंद पेशींची फोम पट्टी कडेने चिकटवा. साधा स्पंज लावू नका, पाणी धरतो आणि पहिल्याच पावसाळ्यात कुजतो. आम्हाला विचाराल तर खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त गुण देणारं काम हेच.

हवेचा इंटरकूलर उतरवलाच असेल तर गळतीही तपासून टाका. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर नायलॉनचे दोन बूच करून मिळतात, एकाला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. क्लँप आवळा, ०.५ बार हवा भरा आणि पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे प्लास्टिकच्या टाकीच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडावर आले तर तो इंटरकूलर बदलायचा. अ‍ॅल्युमिनियमच्याच जोडावर आले तर टिग वेल्डिंग होतं, पण आतलं तेल आधी पूर्ण धुऊन काढा, नाहीतर वेल्डला बारीक भोकं राहतात.

पाण्याचा इंटरकूलर असेल तर

ऑडी ३.० टीएफएसआय किंवा रेंज रोव्हरच्या सुपरचार्ज्ड व्ही८मध्ये हवा पाण्याने थंड होते. सुपरचार्जरलगत ठोकळ्यासारखा इंटरकूलर, पुढे वेगळा छोटा रेडिएटर आणि मध्ये विजेचा पंप. हा पंप बंद पडला तरी इंजिनाचा तापमान काटा हलत नाही, आणि अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. गाडी फक्त दुपारची मंदावते. मालक महिनोन्‌महिने पेट्रोलला दोष देत राहतो.

किल्ली ऑन केल्यावर पंपावर हात ठेवा, बारीक थरथर लागली पाहिजे. काही गाड्यांत पंप गरजेनुसारच चालतो, तिथे स्कॅनरमधून सुरू करून बघा. दोन वायरींच्या पंपाला थेट १२ व्होल्ट देऊन तपासता येतं. तीन किंवा जास्त वायरी असतील तर त्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं, थेट करंट देऊ नका, जळेल. परतीचा होज पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडा, टाकीत वरून पाणी घालत राहा आणि वेळ लावा. अर्ध्या मिनिटात कॅन भरला तर पंप ठणठणीत. मिनिट उलटून गेलं तर पंप थकलाय किंवा होज कुठेतरी दबलाय.

पंप चालू असूनही तापमान चढत असेल तर छोट्या रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या होजचं तापमान घ्या. इन्फ्रारेड गन चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमवर खोटं बोलते, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. दहा मिनिटं चालवून आल्यावर दोन्हींत १५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर पाणी फार हळू वाहतंय: पंप, गाळ किंवा हवेचा फुगा. दोन्ही होज सारखेच गरम असतील तर पाणी वाहतंय, पण रेडिएटरला हवा मिळत नाहीये, मग पुन्हा जाळीकडे या.

पाणी बदललं की हवा अडकतेच. उत्तम उपाय म्हणजे व्हॅक्यूमने भरणं:

१. इंजिन पूर्ण थंड असताना सर्किट रिकामं करा.
२. सुमारे ०.८ बार व्हॅक्यूम ओढा आणि पाच मिनिटं थांबा. काटा हलला तर आधी गळती शोधा.
३. त्याच व्हॅक्यूमवर कूलंट आत ओढू द्या.
४. ब्लीड स्क्रू असेल तर अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवा, मग आवळा.
५. पंप दहा मिनिटं चालवा, टाकीतले बुडबुडे थांबले की पातळी भरा.

कूलंट किती घालायचं? निम्मं ग्लायकॉल घातलेलं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा दर लिटरमागे कमी उष्णता वाहून नेतं, आणि कोल्हापुरात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही. सर्किट इंजिनापासून पूर्ण वेगळं असेल तर २५–३० टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर पुरतं. टाकी इंजिनाशी सामाईक असेल तर कंपनीने सांगितलेलंच प्रमाण ठेवा, तिथे प्रयोग नको. बोअरचं पाणी तर कुठेच नको. त्यातला क्षार बारीक नळ्यांत बसला की काढता येत नाही.

हवा कुठून घेतली जाते

बोनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला की आवाज छान येतो आणि गाडी रेडिएटरमागची ६०–७० अंशांची हवा पिते. कंपनीचा बंद डबा आणि मडगार्डकडे जाणारी नळी परत बसवा. डब्याचं झाकण चारी बाजूंनी बसतंय का, नळी मध्येच निखळलीय का, बघा. उंदराने कुरतडलेली नळीही सापडते.

बायपास व्हॉल्व्हही एकदा तपासा. हलक्या पायाने चालवताना हा व्हॉल्व्ह उघडा राहून हवा दाबाविना फिरवतो. तो बंद अवस्थेत अडकला तर सुपरचार्जर विनाकारण हवा दाबत आणि तापवत राहतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या प्रकारात इंजिन सुरू करताच दांडी ओढली गेली पाहिजे, रेस दिली की सुटली पाहिजे. हलत नसेल तर बहुधा बारीक व्हॅक्यूम पाइपच तडकलेला असतो. तो मीटरवर मिळतो.

गर्दीत आणि घाटात

चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या गर्दीत सापडलात, किंवा शहरातच अर्धा तास रांगत गेलात, तर सुपरचार्जरचं अख्खं धातू तापून बसतं. मोकळा रस्ता मिळाल्याबरोबर जोर लावू नका. एक-दोन मिनिटं ६०–८० ने शांत चालवा, वाहत्या हवेला काम करू द्या.

हायवेवर पळवून आणून पंधरा मिनिटं चहाला थांबणं हा सगळ्यात वाईट प्रकार. इंजिन बंद, हवा बंद, आणि खालची सगळी उष्णता वर चढते. परत निघताना सेन्सर ७५ दाखवतो. त्यात काही भाग सेन्सरच्या स्वतःच्या तापण्याचा असतो, पण ईसीयूला तेच खरं वाटतं आणि टायमिंग कापलं जातं. थांबणार असाल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू या, सावलीत लावा आणि बोनेट उघडून ठेवा. बंद इंजिनावरही पंखा अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

घाटाचा प्रश्न वेगळा. कोकणातून गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाने वर येताना वेग ३०–४०, भार पूर्ण, पुढे ट्रक. हवा कमी, उष्णता जास्त. इथे मॅनिफोल्डचा दाब हाच तुमचा मार्गदर्शक. आपल्या उंचीवर ९५ किलोपास्कल म्हणजे शून्य बूस्ट. खालचा गिअर घेऊन हलक्या पायाने आकडा ९५ च्या खाली ठेवता आला तर हवा जवळपास दाबली जात नाही. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून ढकललं तर तोच वेग बूस्टवर मिळतो आणि तापमान चढत जातं. ट्रकच्या बंपरला चिकटू नका, त्याच्या सायलेन्सरचीच हवा तुमच्या जाळीत जाते. ओव्हरटेकच्या आधी अर्धा मिनिट एसी बंद केला तर कंडेन्सरची उष्णता मागच्या जाळ्यांवर येत नाही.

पेट्रोल आणि बाकीचं

टाकीच्या झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलं असेल तर उन्हाळ्यात तरी एक्सपी९५ किंवा पॉवर ९९ सारखं पेट्रोलच घाला. हवा थंड होत नाही, पण गरम हवेतही नॉकिंग लांबतं आणि टायमिंग कमी कापलं जातं. बाटलीतले ऑक्टेन बूस्टर टाळा, त्यातल्या काहींमधल्या मँगनीजचा तांबूस थर प्लगवर बसतो.

बूस्ट वाढवायला लहान पुली बसवली असेल तर मे महिन्यापुरती मूळची पुली परत लावा. सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवला की कार्यक्षमता घसरते, आणि वाढलेल्या बूस्टचा फायदा दुपारच्या उन्हात उष्णतेतच जातो. हवेच्या इंटरकूलरवर पाण्याचा बारीक फवारा उपयोगी पडतो, मात्र आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. मेथॅनॉल-पाण्याच्या इंजेक्शनने तापमान खूप उतरतं हे खरं. पण मेथॅनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि त्यावर विसंबून ट्यून केलेल्या इंजिनात नोझल बुजली तर पिस्टनच जातो. रोजच्या गाडीत ते बसवू नये.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच पेट्रोलवर नोंद पुन्हा घ्या. तुलना नुसत्या इनटेकच्या आकड्याची करू नका, इनटेक वजा बाहेरची हवा या फरकाची करा. वळवाचा एक पाऊस पडून बाहेर ३० अंश झाले तरी आकडा आपोआप उतरतो, जाळी मात्र होती तशीच असते.